ए विंग, बी विंग आणि विट्रुवियस

पार्ल्यात जुनी इमारत पाडायची ठरली, की नव्या इमारतीचं आधी येतं ते चित्र. मधोमध प्रवेशद्वार, दोन्ही अंगांना सारखेच ग्रीक खांब, खांबांच्या माथ्यावर पानांची नक्षी आणि डावीकडे जितकी झाडं तितकीच उजवीकडे. हनुमान रोडवर असलं काही चित्रातच जमतं.

या चित्रांचं घराणं मात्र मोठं. 1784 साली एतियेन-लुई बुले या फ्रेंच वास्तुकाराने न्यूटनच्या स्मारकाचं चित्र काढलं. पाण्यात पातळ केलेल्या शाईचे हात देऊन उभा केलेला दीडशे मीटर उंचीचा गोल आणि त्याच्या पायाशी मुंगीएवढी माणसं. ते स्मारक कधी बांधलंच गेलं नाही, त्यामुळे त्याला आजतागायत ओल आलेली नाही.

या नवअभिजात चित्रांत ऊन यायचं ते डावीकडून, वरून, 45 अंशांत. पार्ल्यात ऊन शेजारच्या इमारतीला विचारून येतं. डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक घडणीच्या खांबाची उंची बुंध्याच्या व्यासाच्या सहापट, असं रोमन वास्तुकार विट्रुवियसने लिहून ठेवलं. आमच्या इमारतींची उंची विमानतळ ठरवतो.

सममितीचा आणि प्रमाणांचा हा आदर्श दगडात बघायचा तर चर्चगेटला उतरून टाउन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक लायब्ररी गाठावी. कर्नल थॉमस कूपरचा आराखडा, 1833 साली पुरी झालेली वास्तू, आठ डोरिक खांब, तीस पायऱ्या. समोर गेलं की पाठ आपोआप ताठ होते. पायऱ्यांवरची मंडळी मात्र डाव्या-उजव्या बाजूंना कधीच सारखी बसत नाहीत आणि इमारतीचं त्यावाचून काही अडत नाही.

खुद्द ग्रीक तरी कुठे इतके काटेकोर होते? पार्थेनॉनचे खांब पोटाशी किंचित फुगीर आहेत, आतल्या बाजूला जरासे कललेले आहेत. थोडी सूट दिल्याशिवाय डोळ्याला नेटकं दिसत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

पार्लेकरांनी ही सूट सढळ हाताने घेतली. ताबा मिळाला, की एका बाल्कनीत तुळस, दुसरीला ग्रिल, तिसरीला सरकत्या काचा आणि कोरीव खांबाला दुधाच्या पिशवीसाठी खिळा. निर्दोष सममिती बघायचीच असेल, तर सोसायटीच्या वार्षिक सभेला यावं. पाणी बी विंगला जास्त येतं, अशी ए विंगची खात्री. ए विंगला जास्त येतं, अशी बी विंगची. आणि बरोबर मधोमध, घाम पुसत, सेक्रेटरी. बुलेलाही इतकं बिनचूक काढता आलं नसतं.