परदेशातून परदेशात, व्हाया हातखंबा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हातखंब्याच्या तिठ्यावर एखादी भाड्याची गाडी थांबते आणि तिच्यातून गमबूट घातलेली मुलगी उतरते. पावसाला अजून पंधरा-वीस दिवस असतात. चौपदरीकरणाची धूळ नाकातोंडात जात असते, मुंबईकडचे, गोव्याकडचे आणि रत्नागिरीकडचे टँकर एकमेकांवर भोंगे वाजवत असतात. अशा उन्हात गमबूट दिसले की खुशाल समजावं, अमेरिकेतली नात आली, आणि ती व्हेटरनरीच्या वाटेवर आहे.

तिचा जन्म न्यू जर्सीतला, एडिसनचा. बाबा मूळचे हातखंब्याचे. त्यांच्या लहानपणी इथे एकच धमकी चालायची: अभ्यास कर, नाहीतर गुरं राखायला लागतील. बाबांनी ती इतकी मनावर घेतली की रत्नागिरी, मुंबई करत ते थेट एडिसनला जाऊन थांबले. आता त्यांची लेक चार वर्षांचं कॉलेज संपवत आणून, वर आणखी चार वर्षांचा दीड-दोन कोटींचा खर्च मांडून गुरांकडेच निघाली आहे. बाबांचा विरोध नाही. फक्त गावात कुणी विचारलं तर ते 'मेडिकलला जायचंय तिला' म्हणतात आणि विषय यंदाच्या मोहोरावर नेतात.

आजोबांची अडचण वेगळी असते. नात परदेशात शिकायला जाणार हे त्यांना कळतं, पण ती राहते तो परदेशच. मग परदेशातून परदेशात कशाला? नात ओसरीवर बसून समजावते. अमेरिकेत पशुवैद्यकीय महाविद्यालयं तीसेक, त्यातली सरकारी कॉलेजं आपापल्या राज्यातल्या मुलांना आधी घेतात, आणि न्यू जर्सीत तर 2025 साली रोवन विद्यापीठाचं निघेपर्यंत असं एकही कॉलेज नव्हतं. म्हणजे घरोघरी गाड्या असलेल्या राज्यात गुरांचा डॉक्टर घडवायची सोय नव्हती. आजोबांना हे ऐकून बरं वाटतं. रत्नागिरी जिल्ह्यातही नाही, इथल्या मुलांनाही परळ नाहीतर शिरवळ गाठावं लागतं.

म्हणून यादी निघते. लंडनचं रॉयल व्हेटरनरी कॉलेज 1791 चं. एडिंबरा 1823 चं, विल्यम डिक नावाच्या माणसानं काढलेलं. त्याचा बाप घोड्यांना नाल मारायचा. ग्लासगो 1862 चं. शिवाय डब्लिन, सिडनी, मेलबर्न. या सगळ्यांना अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची मान्यता आहे, त्यामुळे तिथून पदवी घेऊन आलेली मुलगी घरच्या मुलांबरोबर त्याच परवान्याच्या परीक्षेला बसते.

"मग परळ काय वाईट?" आजोबा विचारतात. मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेज 1886 चं आहे हे त्यांना पाठ असतं, कारण त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. माणसांच्या डॉक्टरकीसाठी एक मराठी बाई बोटीनं अमेरिकेला गेली, आणि आता गुरांच्या डॉक्टरकीसाठी अमेरिकेतली मराठी मुलगी परळला यायला तयार नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. नात सांगते की परळला ती मान्यता नाही. तिथे शिकलेल्याला अमेरिकेत आणखी परीक्षांची एक मोठी माळ ओढावी लागते. परळचे कितीतरी पशुवैद्य ती ओढून तिकडे दवाखाने चालवताहेत, हे आजोबांचं उत्तर. ते बरोबर असतं. पण एकविसाव्या वर्षी माळ कुणालाच ओढायची नसते.

यादीतली शेवटची दोन नावं आली की मात्र आजोबांची कळी खुलते: ग्रेनेडा आणि सेंट किट्स. कॅरिबियन बेटांवरच्या या दोन्ही कॉलेजांना 2011 पासून ती मान्यता आहे. आधीचा अभ्यास बेटावर करायचा आणि शेवटचं, प्रत्यक्ष दवाखान्यातलं वर्ष अमेरिकेत काढायचं. आजोबांना यातलं काही ऐकू येत नसतं. ते केव्हाच सेंट किट्सच्या वॉर्नर पार्कवर पोचलेले असतात, 2007 च्या विश्वचषकात, जिथे हर्शेल गिब्जनं हॉलंडच्या व्हॅन बुंगेला एका षटकात सहा षटकार मारले. "छोटं ग्राउंड आहे," ते नातीला बजावतात, जणू तिला तिथे लेगस्पिनच टाकायचा आहे. आजीला बेटाबद्दल एकच गोष्ट कळते: तिथे माकडांचा सुळसुळाट आहे आणि ती शेतात घुसतात. शेजारच्या बागायतदाराचे यंदाचे नारळ वानरांनी कुठे नेले हे तिनं पाहिलेलं असतं. "एवढे पैसे भरून माकडंच बघायची, तर ती इथं फुकट आहेत गो," ती म्हणते.

तर अशी ही नात इथे कशासाठी येते? तासांसाठी.

अमेरिकेतल्या आणि बाहेरच्याही बहुतेक कॉलेजांचा एक सामाईक ऑनलाइन अर्ज असतो. सप्टेंबरच्या मध्यावर तो बंद होतो. त्यात गुण लागतात, निबंध लागतो, तीन शिफारसपत्रं लागतात आणि अनुभवाचे तास लागतात. तासांचे रकानेही वेगळे. पशुवैद्याच्या हाताखाली काढलेला वेळ हा व्हेटरनरी अनुभव. पशुवैद्य नसताना जनावरांत काढलेला वेळ हा नुसता ॲनिमल अनुभव. पहिल्याला वजन फार. एडिसनला कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात तिनं पिंजरे धुऊन पुष्कळ तास जमवलेले असतात. उणीव असते मोठ्या जनावरांची. आणि एडिसनमध्ये म्हैस कुठून आणायची?

हातखंब्याला आल्यापासून ती प्रत्येक गोष्ट मोबाइलमध्ये टिपून ठेवते. आंबोण कालवलं, अर्धा तास. गोचीड काढले, पाऊण तास. पेंढा माळ्यावर चढवला, दोन तास. पण त्यात गाय नव्हती, तर हे धरायचं का, यावर तिची झोप उडते. एके दिवशी तिनं आजीचेही तास काढले. रोजचे चार धरले, चाळीस वर्षं धरली, तरी अठ्ठावन्न हजारांवर गेले. एडिंबऱ्याच्या प्राध्यापकांनी उभं राहून नमस्कार करावा असा आकडा. पण अर्जाच्या हिशेबानं ते सगळे तास नुसते ॲनिमल. व्हेटरनरी शून्य, कारण देखरेखीला डॉक्टर नव्हता.

"सुपरव्हायझर म्हणून कुणाचं नाव टाकू, आजी? ईमेल पण लागतो."

"सासूबाईंचं टाक," आजी म्हणते. "देखरेख त्यांचीच होती. ईमेल तिथं असला तर बघ."

व्हेटरनरी रकाना भरायचा तर डॉक्टरच्या मागे हिंडायला हवं. इथे आणखी एक पेच निघतो. श्रेणी एकच्या सरकारी दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, श्रेणी दोनमध्ये बहुधा पदविका झालेला पशुधन पर्यवेक्षक. गावाच्या दृष्टीनं दोघेही 'डॉक्टर', आणि पर्यवेक्षकाचा हात बऱ्याचदा जास्त बसलेला. अर्जाच्या दृष्टीनं एक पावन, दुसरा नाही. नात पदवी विचारूनच मोटरसायकलवर मागे बसते. मांडीवर नत्रपात्र. त्यात उणे 196 अंशांवरच्या द्रव नायट्रोजनमध्ये वळूचं वीर्य कांड्यांत भरून ठेवलेलं असतं आणि रस्ता आपला नेहमीसारखाच असतो. वाडीवाडीवर माजावर आलेल्या गाई भरायच्या, गाभण आहे का ते खांद्यापर्यंत हातमोजा चढवून तपासायचं, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे टिपायचे. बारा आकडे ऐकून ती थबकते. अमेरिकन माणसाला सोशल सिक्युरिटीचे नऊच मिळतात.

मेंढरं मात्र तिच्या नशिबात नसतात. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीच्या मुलांना वसंतात मेंढ्यांची बाळंतपणं करायला शेतावर धाडतात, म्हणून तिला थोडी तयारी हवी असते. कोकणात मेंढरं येतात ती घाट उतरून येणाऱ्या धनगरांची, दिवाळीनंतर, आणि पावसाआधी ती वर गेलेली असतात. तिची आणि त्यांची चुकामूक ठरलेली.

शिफारसपत्राचा घोळ आजोबा अंगावर घेतात. "शिफारस ना? ती माझ्यावर सोड." जिल्हा परिषदेचे सदस्य ओळखीचे, आमदारांकडेही एक वशिला. नात सांगते की आमदारांचं चालणार नाही, पशुवैद्याचंच हवं, आणि ते तो परस्पर ऑनलाइन पाठवणार. आपल्याला ते बघायचं नाही, तसा हक्क सोडल्याची खूण अर्जातच करायची. आजोबा चष्मा काढतात. जिच्यासाठी चिठ्ठी लिहिली तिनंच ती वाचायची नाही, अशी शिफारस त्यांनी साठ वर्षांत पाहिलेली नसते. डॉक्टर भला माणूस असतो. "मी लिहितो, पण लिंक कुठाय?" तो विचारतो. लिंक स्पॅममध्ये असते. ती सापडते तेव्हा नेटवर्क नसतं. नेटवर्क येतं तेव्हा तो लसीकरणाला गेलेला असतो.

जूनच्या पहिल्या पावसात तांबू विते. तांबू ही कोकण कपिला, बुटकी, चिवट, डोंगर चढणारी, शेराच्या मापानं दूध देणारी. अलीकडेच या जातीची स्वतंत्र नोंद झाली आहे, याची तांबूला कल्पना नाही. रात्री अकराला पाणमोट फुटते. तास होत येतो तरी एकच पाय बाहेर. डॉक्टरांचा फोन लागत नाही. आजी पदर खोचते, कोपरापर्यंत खोबरेल चोपडते आणि गोठ्यात बसते. कळ ओसरली की वासराला हळूच आत सारते, मागे मुडपलेला दुसरा पाय चाचपते, खूर तळहातात झाकून घेते म्हणजे पिशवीला लागणार नाही, आणि तो पुढे ओढून आणते. नातीनं हे सगळं पुस्तकात आकृतीसह वाचलेलं असतं. आकृतीत बॅटरी धरणाऱ्यानं कुठे उभं राहायचं हे दिलेलं नव्हतं, त्यामुळे ती दोनदा शेणात बसते. मग गाय कण्हली की ओढायचं, थांबली की थांबायचं, आणि ओढायचं ते खाली, खुरांच्या दिशेनं. दोन पाय, त्यावर टेकलेलं नाक, मग बाकीचा ऐवज एकदम. आजी वासराच्या नाकपुडीत गवताची काडी फिरवते. ते शिंकतं.

"चीक लगेच पाजायला हवा," नात धापा टाकत सांगते. "फर्स्ट फ्यू अवर्स. त्यात अँटिबॉडीज असतात, नंतर आतड्यातून नीट शोषल्या जात नाहीत. खरवस नको प्लीज."

आजी वासराला सडाला लावतच असते. "पहिला चीक वासराचाच," ती मागे न बघता म्हणते. "खरवस त्याचं पोट भरून उरलं तर. हे सांगायला एडिंबऱ्याहून माणूस येणार आहे काय?"

पहाटे वार पडते आणि ती पडून गेल्यावर डॉक्टर येतात. नाळेला आयोडिन लावतात, चहा घेतात, आजीला "छान केलंत" म्हणतात. नात मोबाइल काढते. रात्रभराचं बाळंतपण: ॲनिमल. आयोडिन आणि चहा: व्हेटरनरी, वीस मिनिटं.

जनावरांत वावरायचं म्हणून नातीनं घेतलेल्या रेबीजच्या लशीवरून फारसं काही होत नाही. आजीच्या डोक्यात पोटातली चौदा इंजेक्शनं असतात. ती जुनी लस भारतात 2005 च्या सुमारास बंद झाली. आता कुत्रा चावण्याआधीच घ्यायची ती दंडात दोन. आजी शेजारणीला सांगते की अमेरिकेत कुत्रा न चावताच लस देतात. श्रीमंत देश.

जुलैअखेर बाबा न्यायला येतात तेव्हा गमबुटांचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत लाळ्या-खुरकूत 1929 नंतर आलेला नाही आणि तो परत येऊ नये म्हणून विमानतळावर विचारतात, गुराढोरांजवळ गेला होतात का? नातीनं नियम वाचलेले असतात. आजी गमबूट विहिरीपाशी घेऊन धुण्याच्या सोड्यानं घासते. ते इतके उजळतात की बाबांना वाटतं, नवे आणले. नात मोबाइलमध्ये बघते तर लाळ्या-खुरकुतावरच्या जंतुनाशकांच्या यादीत हाच सोडा असतो, चार टक्के. आजीनं टक्के मोजलेले नसतात.

न्यूअर्कला खिडकीमागचा अधिकारी विचारतो. बाबा "नो" म्हणतात आणि त्याच क्षणी नात "येस" म्हणते. नुसतं येस म्हणून थांबत नाही. गाय, म्हैस, शेळी, आकडेवारीसह सगळं सांगते. दोघांना बाजूच्या टेबलाकडे नेतात. अधिकारी हातमोजे चढवतो, गमबूट उलटे करून तळवे बघतो, बोट फिरवतो आणि म्हणतो की इतके स्वच्छ बूट त्यानं महिन्याभरात पाहिलेले नाहीत. मग बॅगा उघडतो. आंबापोळी, फणसपोळी, कोकम, सगळं नीट तपासून बाजूला ठेवतो. तळाशी बाबांच्या टॉवेलात गुंडाळलेल्या, आजीनं मातीत घोळून वाळवलेल्या दोन किलो आठळ्या निघतात. बिया आणि वर माती. त्या निळ्या पिशवीत जातात, पिशवीवर चिकटपट्टी बसते, आणि एडिसन येईपर्यंत बाबा मुलीशी एक शब्द बोलत नाहीत. ती मागच्या सीटवर निबंधाचा पहिला परिच्छेद लिहीत असते.