शुद्ध पारव्याचे काका

पक्षी बघायला जाणाऱ्या प्रत्येक टोळीत एक काका असतात. धनेश दिसला म्हणून सगळे धावतात, तेव्हा हे जागचे हलत नाहीत. ते पारवा बघत असतात. मंदिराच्या शिखरावरचा, विहिरीतला, विजेच्या तारेवरचा. 'हा शुद्ध आहे का?' एवढाच त्यांचा प्रश्न, पण त्याला जन्म पुरत नाही.

लक्का, लोटण, शर्यतीची, निरोप्या, जगातली सगळी पाळीव कबुतरं एकाच रानपारव्याची लेकरं, हे डार्विनने 1859 मध्ये मांडलं. त्यासाठी त्याने स्वतः कबुतरं पाळली होती. आता यातलीच काही घरातून पळाली, काहींना मालकांनी सोडलं. ती शहरात माजली आणि मूळ घराण्याशी पुन्हा सोयरीक करून बसली. काकांचा रक्तदाब तिथून सुरू होतो.

पारवा दिसला की मुलगी बघायला आलेल्या मामासारखी त्यांची तपासणी चालते. रंग राखाडी हवा. पंखावर दोन काळे पट्टे हवेत, ठळक आणि सुटे. पंखभर ठिपके निघाले की स्थळ बाद. तपकिरी किंवा पांढऱ्या पक्ष्याकडे तर ते बघतच नाहीत. मग नाक. चोच बारीक हवी; तिच्या बुडाशी पांढरा फुगवटा जरा जाड दिसला की काका हळूच म्हणतात, "आजोळ पाळीव आहे हो." आणि वडापावच्या गाडीखाली तुरुतुरु चालत आला, तर विषयच संपला.

एकदा एका पोराने परदेशी पुस्तक वाचून विचारलं, "काका, कंबर पांढरी हवी ना?" काकांची दिवाळी झाली. "ती विलायतेत! आपल्याकडच्या रानपारव्याची कंबर राखाडीच. पुण्यात पांढऱ्या कमरेचा दिसला तर पणजोबा कुठून आले ते विचार." हे मात्र त्यांचं बरोबर आहे. भारतीय पारव्याला स्ट्रिकलंडने 1844 मध्येच वेगळं नाव दिलं, आणि त्याच्या राखाडी कमरेची नोंद डार्विननेही केली.

काकांची पंढरी म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. कपारीतून पारव्यांचा थवा सुटला की ते टोपी काढतात. त्या थव्यात एखादा ठिपकेदार निघालाच, तर दुर्बीण पुसतात आणि म्हणतात, "पाहुणा असेल."

खरी परीक्षा झाली ती त्यांच्या गॅलरीत. तुळशीशेजारच्या कुंडीत एका जोडप्याने चार काड्या टाकून दोन अंडी घातली. पारव्यांचं घरटं याहून मोठं नसतंच. काकूंनी जाळीवाल्याला बोलावलं, काकांनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. नर बिनचूक, मादी बिनचूक, पट्टे दोन-दोन, कंबर राखाडी, चोच बारीक. "अगं, शुद्ध निघाली तर?" दोन-अडीच आठवड्यांनी पिल्लं बाहेर आली, त्यांना पिसं फुटली. एक राखाडी. दुसरं विटेसारखं तांबडं.

काकूंनी मादीच्या चारित्र्यावर शंका घेतली, ती चुकीची होती. तांबड्या रंगाचा एक प्रकार आईबापांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो; दोघांकडून आला तरच पिल्लात उमटतो. म्हणजे वरून शुद्ध दिसणाऱ्याच्या पोटात काय आहे, ते दुर्बिणीतून कळत नाही. 2022 मध्ये संशोधकांना स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर जवळजवळ निर्भेळ रानपारवे सापडले, तेही जनुकं तपासून.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्कॉटलंडचं विमानभाडं विचारलं. तुमच्या गॅलरीत पारवा घुटमळू लागला तर कृपा करून त्यांना फोन करू नका. जाळीवाल्याला करा, आणि तोही अंडी पडण्याआधी.