तिसरी प्रत

वर्षातून दोनदा, एकदा पावसाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या आधी, आमच्या नाशिकच्या घरी पुण्याहून चकलीचा डबा येतो. स्टीलचा, घट्ट झाकणाचा. आत चकल्या नसतात. फडक्यात गुंडाळलेली चार टीबीची हार्ड डिस्क असते आणि तिच्या चहूबाजूंनी बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. माझ्या मुलीने पहिल्या खेपेला मोठ्या आशेने झाकण उघडलं होतं. त्यानंतर बरेच दिवस ती नानाकाकांशी मोजकंच बोलत होती.

डबा एसटीतून नानांच्या मांडीवर बसून येतो. वर सामानाला जागा असते, पण तिथे नाना स्वतःची बॅग ठेवतात. "कपडे पडले तर काय होणार आहे?"

असा एक माणूस हल्ली प्रत्येक घराण्यात निघतो. लग्नात सगळे जिलबीकडे वळलेले असताना हा टेबलाटेबलांवरून फोन गोळा करत फिरतो. "तुझ्याकडचे फोटो दे. व्हॉट्सॲपवर नुसते टाकू नकोस, आकसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठव." नवरानवरीला आशीर्वाद देताना नाना आहेराच्या पाकिटासोबत पेनड्राइव्हही पुढे करतात. पाकीट द्यायला, पेनड्राइव्ह भरून घ्यायला.

नाना मुळात असे नव्हते. छत्तीस फोटोंचा रोल तीन महिने पुरवणारा हा माणूस. डिजिटल कॅमेरा आला आणि हात सैल सुटला. आधी ७०० एमबीच्या सीडी झाल्या, मग ४.७ जीबीच्या डीव्हीडी. काही वर्षांनी त्यातल्या निम्म्या उघडेनात. मग हार्ड डिस्क आणली. ती एका सकाळी टिकटिक वाजायला लागली आणि दुपारपर्यंत गेली. डेटा परत काढून देणाऱ्याने डिस्कच्या किमतीच्या दसपट आकडा सांगितला. नाना घरी आले, जेवले नाहीत, आणि त्या रात्री त्यांना ३-२-१ चा नियम सापडला.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला हा नियम नाना शुभंकरोतीच्या चालीत म्हणतात: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. सोबत 'टॉय स्टोरी २' चं आख्यान असतंच. १९९८ साली पिक्सारमध्ये कुणीतरी एक चुकीची आज्ञा दिली आणि तयार होत असलेला सिनेमा संगणकावरून भराभर पुसला गेला. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं. गॅलिन सुसमन या बाईंना नुकतंच मूल झालं होतं, म्हणून त्या घरून काम करायच्या. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत निघाली. तो संगणक गाडीत मागच्या सीटवर ब्लँकेटांत गुंडाळून ऑफिसात नेला. इथे नाना डब्यावरून हात फिरवतात.

"पण नाना, सगळं क्लाउडवर असतं की आता," असं कुणी नवखा जावई बोलून जातो. मग नाना विचारतात, "फोनवरून फोटो काढून टाकलास तर क्लाउडवर राहतो का?" जावई विचारात पडतो. "तो सिंक. सिंक म्हणजे आरसा. इथे कुंकू पुसलं की तिथेही पुसलं." १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि पुढचं सगळं १५ जीबीत बसवायची पाळी आली, तेव्हा घराण्यात नाना एकटे खूश होते. त्या दिवशी त्यांनी अकरा जणांना फोन केले.

नियमातली खरी गोम शेवटच्या कलमात आहे. घराबाहेरची प्रत ठेवायला दुसरं घर लागतं. म्हणून नाना नातेवाइकांकडे नात्याने कमी आणि पूररेषेने जास्त बघतात. भाचीला सांगलीचं स्थळ आलं तेव्हा सगळे पत्रिका बघत होते. नाना म्हणाले, "मुलगा उत्तम आहे. मजला कितवा?"

याला कारण आहे. तिसरी प्रत आधी सांगलीला धाकट्या भावाकडे असायची. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी घरात शिरलं, मंडळी वर गेली आणि डिस्क तळमजल्यावरच्या कपाटात राहिली. नानांनी फोनवर आधी माणसांची चौकशी केली, हे काकू, म्हणजे नानांची बायको, अजून कौतुकाने सांगतात. दुसरं वाक्य डिस्कचं होतं. तेव्हापासून प्रत आमच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या बायकोच्या पैठणीखाली असते. "नियमच बरोबर ठरला," नाना म्हणाले. "एक बुडाली, दोन उरल्या."

डिस्कवर एक लाख बासष्ट हजार फोटो आहेत. फोल्डरांची नावं अशी: 'नवीन', 'नवीन २', 'नवीन फायनल', 'जुन्या लॅपटॉपमधलं सगळं', 'बघून काढून टाकायचं'. शेवटचं सगळ्यांत मोठं आहे. प्रत्येक फोल्डरच्या पोटात आधीचा फोल्डर आहे. चुलतभावाची मुंज एकदाच झाली, पण डिस्कवर तो पाच वेळा मातृभोजनाला बसलाय.

हे फोटो बघतं कोण? कुणीच नाही. काकू म्हणतात, "लोणचं घालून ठेवायचं, बरणी उघडायची नाही." पण हे पूर्ण खरं नाही. वर्षातून दोनदा बरणी उघडते.

चहा झाला की नाना लॅपटॉप मांडतात. बॅकअप नुसता घेऊन चालत नाही, परत उघडतो का ते तपासावं लागतं. पिक्सारची चूक तीच. मुलगी नानांसमोर मांडी घालून बसते. आता तिचं नानांशी जमलंय, कारण तपासणी तिच्या हातात आहे.

"एक ते नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवमधला आकडा सांग."

"तेवीसशे अठरा."

कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, म्हणून त्या नंबरचे चार फोटो निघतात. रायगडच्या रोपवेत डोळे मिटून बसलेली आत्या. कुणाचा तरी अंगठा. गॅसच्या पावतीचा फोटो, थोडा हललेला. आणि श्रीखंडाच्या वाटीत बोट घालताना पकडला गेलेला, चार वर्षांचा मी. म्हणजे जुन्या अल्बममधल्या फोटोचा काढलेला फोटो.

"हा बाबा?" मुलगी विचारते. स्वयंपाकघरातून बायको येते. शेजारच्या काकू सहज डोकावतात त्या बसतात. "आत्याचा मला पाठवा," "या पावतीवरचा गॅसचा भाव बघा हो," असा गलका होतो. नाना वैतागतात. "फोटो बघायला बसलोय का आपण? तपासणी चाललीय." आणि वहीत टिक करतात: चार उघडले, चारही ठीक.

शेवटचा आकडा मात्र नाना स्वतः सांगतात. दर खेपेला तोच. तो फोटो नाही, सहा सेकंदांचा व्हिडिओ आहे, पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यावरचा, दाणेदार. कोथरूडच्या जुन्या घराचं स्वयंपाकघर, ओट्याशी काळ्याभोर केसांच्या काकू, हाताला पीठ. त्या वळतात आणि म्हणतात, "अहो, चालू आहे का ते? बंद करा आधी!"

सोफ्यावरच्या काकू गुडघ्याला तेल चोळता चोळता वर बघतात. "अहो, किती वेळा तेच? बंद करा आधी!"

नाना बंद करत नाहीत. चष्मा पुसतात, वही पुढे ओढतात आणि टिक करत म्हणतात, "आवाजही शाबूत आहे."