डावी की उजवी?

नागपुरात खिडकी हवेसाठी नसते, कूलरसाठी असते. होळी आटोपली की पल्ले भिंतीला टेकतात, मधोमध कूलरचं धूड बसतं आणि खिडकी घरातून जवळजवळ नाहीशी होते. २३ मे २०१३ला या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात उन्हाळ्यात खिडकीच्या मुठीची विचारपूस कोण करणार? ती होते पावसाळ्यात, कूलर गच्चीवर चढला की. पल्ला ओढून मूठ फिरवावी, तर ती खुशाल गोल फिरते आणि पल्ला वाऱ्याबरोबर पुन्हा बाहेर.

आमच्या खिडक्या लोखंडी, मुठी पितळी. प्रत्येक वेळी मुठीची जीभ चौकटीवर घासत आत शिरते. लोखंडापुढे पितळ मऊ, तेव्हा झिजायचं कोणी हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. (यावर संसाराचा दाखला सुचला होता. सौ. समोरच बसली आहे, म्हणून देत नाही.)

आठवडाभर सुतळी बांधून भागवलं, मग इतवारीत लोहाओळी गाठली. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "डावी का उजवी?"

या शहरात असं कोणी विचारलं की माणूस आधी आजूबाजूला बघतो, मग बोलतो. मी सावधपणे म्हटलं, "खिडकीची."

"ते समजलं ना भाऊ. पल्ला कोन्या बाजूनं उघडते?"

घरी फोन लावला. आईनं खोलीतून पाहून 'डावी' सांगितलं, मुलीनं अंगणातून पाहून 'उजवी'. दोघींचंही बरोबर होतं. दुकानदाराचा निवाडा पडला: घरात उभं राहून दिसते ती खरी. डावी घेतली.

मिस्त्री आला. जुने स्क्रू गंजून चौकटीशी एकजीव झालेले. त्यांना मातीचं तेल पाजून तो चहाला बसला. चहा संपेस्तोवर ते सुटले, पण नवी मूठ बसेना. जुनी भोकं दीड इंचावर, म्हणजे बारा सुतांवर. नव्या मुठीची चाळीस मिलिमीटरवर. "अर्धा सूत सरकून राह्यलं, काकाजी," मिस्त्री म्हणाला आणि गोल कानशीनं मुठीचं भोक लांबवायला लागला.

मेट्रिक मापांचा कायदा १९५६ला झाला. आमच्या मिस्त्रीपर्यंत तो पोचलेला नाही, आणि पोचू नये असंच मला वाटतं. दोन मिलिमीटरची चूक म्हटली की कोणाला तरी जाब विचारावासा वाटतो. अर्धा सूत म्हटलं की कानस पुरते.

नवी मूठ चकचकीत आहे, वजनाला हलकी आहे, आणि फिरवताना असा आवाज करते की शेजारी आमच्याकडे कोणी आलंय का ते बघतात. जुनी आईनं भंगारात जाऊ दिली नाही. पितळ आहे, असू दे, म्हणाली.

पण पोळा जवळ आला होता. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत तर १८८१पासून निघते आहे. सोबत बडग्यांचे पुतळे असतात, आणि गल्लीतली पोरंही आपापला छोटा बडग्या बनवतात, मिळेल त्या सामानाचा. आईची मूठ त्यांनी गोड बोलून काढून घेतली. आता बडग्याला झकास डावा हात आहे. उजव्यासाठी ती रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन, मूठ हलते का ते बघून जातात.