कौलारू बाबा

मे महिना सरत आला, हापूस उतरला आणि रस्तोरस्ती ताडपत्रीवाल्यांनी निळे-पिवळे गठ्ठे मांडले की कौलारू बाबाला निसर्गाची ओढ लागते. हा गृहस्थ साधारण अडतीस ते पंचेचाळीस वयाचा असतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात तो मुबलक सापडतो, कारण तो तयार व्हायला दोनच गोष्टी लागतात: चाळीत गेलेलं बालपण आणि त्याच चाळीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर. बायको नोकरी करणारी. मुलं दोन, मोठा दुसरीत, धाकटी अजून बालवाडीत. आई सोबत राहते. एकोणिसाव्या मजल्यावर, तीन बाजूंनी काचा असलेल्या हॉलमध्ये उभा राहून तो खाली बघतो आणि म्हणतो, “आपल्या मुलांना पाऊस माहीतच नाही.”

मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बराचसा या मुलांच्या शाळेच्या वेळात, त्यांच्या डोक्यावरच पडतो. पण तो पाऊस कौलारू बाबाच्या हिशेबात नसतो. हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं, की तो टॅक्सीत अडकून पालिकेच्या नावाने खडे फोडतो, पंपांच्या खर्चाचा हिशेब मागतो, आणि तेवढ्या वेळात फोनवर धबधब्याशेजारची कॉटेज शोधतो. पाणी तेच, गढूळपणाही तोच. फक्त शहराबाहेरच्या पाण्यात उभं राहायचे पैसे द्यावे लागतात म्हणून ते त्याला पवित्र वाटतं.

कॉटेज शोधायच्या त्याच्या अटी ठरलेल्या. हॉटेल नको. एसी नको. टीव्ही तर नकोच. छप्पर कौलाचं हवं, खांब लाकडी हवेत, बाहेर व्हरांडा हवा आणि पावसाचा आवाज ऐकू आला पाहिजे. बायको विचारते, “बाथरूम कसं आहे?” तर तो तिला झाडाचा फोटो दाखवतो. बाथरूमचा फोटो कुठल्याच जाहिरातीत नसतो, यावरून समजणाऱ्याने समजावं. ती समजते, आणि मुकाट्याने डेटॉलची मोठी बाटली सामानात टाकते.

सामान हा वेगळाच विषय. रानडे रोडवरून चार रेनकोट येतात, त्यांतला धाकटीचा पिवळा, कान असलेला. गमबूट येतात. डासांचं मलम, तापाचं औषध, नाकात घालायचे थेंब, लालबागच्या चिवडा गल्लीतला दोन किलो चिवडा, आणि ‘मुलांना मोबाइल द्यायचा नाही’ या निश्चयाबरोबर दोन पॉवरबँक. आजीची पिशवी मात्र लहानशी. तिच्यात काय आहे ते कुणी विचारत नाही.

यंदा अशाच एका कौलारू बाबाने आम्हालाही ओढलं. ठिकाण माथेरान, महिना जुलै.

माथेरान निवडण्यामागे कौलारू बाबाकडे सबळ कारण होतं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने डोंगर ‘शोधून’ काढल्यापासून तिथे मोटार फिरलेली नाही, असं तो अभिमानाने सांगत होता. १८५० मध्ये मोटार कुठेच फिरत नव्हती, हे त्याच्या आईच्या लक्षात आलं होतं, पण तिने डबा भरण्यात लक्ष घातलं. मोठ्याला त्याने छोट्या गाडीचं आमिष दाखवलं. आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने ही रेल्वे बांधली, १९०७ मध्ये ती धावायला लागली, डोंगराच्या अंगाला वळसे घेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी स्टेशनं घेत वर जाते, हे सगळं कर्जत लोकलमध्ये दादरपासून अंबरनाथपर्यंत सांगून झालं. नेरळला उतरल्यावर कळलं की पावसाळ्यात नेरळहून ती गाडी सुटतच नाही. दरडींच्या भीतीने बंद ठेवतात. वरच्या वर अमन लॉज ते माथेरान एवढीच काय ती शटल. मोठ्याने नेरळच्या फलाटावर जे भोकाड पसरलं, ते पुढे घाटातल्या टॅक्सीत दस्तुरी नाक्यापर्यंत टिकलं.

दस्तुरीला टॅक्सीचं राज्य संपतं. पुढे घोडा, रिक्षा, ती शटल किंवा स्वतःचे पाय. शटल नुकतीच गेली होती. त्यामुळे धाकटी घोड्यावर, आजी रिक्षात, आणि बाकीचे लाल चिखलातून रुळांच्या कडेकडेने. धुकं असं, की पुढचा माणूस फक्त खोकल्यावरून ओळखावा. कौलारू बाबा दर दहा पावलांनी थांबून खोल श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, “घ्या, भरून घ्या.” घोड्यांची रहदारी असलेल्या रस्त्यावर हा सल्ला फारसा कुणी मानला नाही.

कॉटेज आली. म्हणजे जुन्या बंगल्याची एक आडवी पडवी आणि तिच्यावर उघडणाऱ्या चार खोल्या. त्यातली एक त्यांची, एक आमची. उरलेल्या दोन खोल्यांत गिरगावचं एक आणि दादरचं एक कुटुंब आधीच पोचलेलं, लहान मुलांसकट. खोली दहा बाय बारा. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे ही त्याहूनही आखूड. संडास-बाथरूम पडवीच्या टोकाला, चारही खोल्यांत मिळून. वर कौलं होती, हे कबूल केलं पाहिजे. दोन ठिकाणी ती सरकलेली होती, हेही.

आजी उंबऱ्यात उभी राहिली. तिने खोली पाहिली, पडवी पाहिली, टोकाचा पत्र्याचा दरवाजा पाहिला.

“काय भाडं म्हणालास?”

“साडेसात हजार. एका रात्रीचे.”

“आपल्या खोलीचं महिन्याला सदतीस रुपये होतं.”

“आई, हे ऑथेंटिक आहे.”

“माहीत आहे मला. चाळीस वर्षं पहाटे साडेचारला बादली घेऊन त्या ऑथेंटिकच्याच रांगेत उभी होते.”

यावर कौलारू बाबाने विषय बदलून मुलांना पागोळ्या दाखवायला बाहेर नेलं. परत येईतो पलंगाच्या बरोबर मध्यावर थेंब पडू लागला होता. धाकटीने वर पाहिलं आणि विचारलं, “बाबा, शॉवर बंद कसा करायचा?”

इथून पुढे सहल आजीच्या हातात गेली. पलंग भिंतीला लागला. तिने केअरटेकर मामांकडून बादली मागवली आणि बादलीच्या तळाशी जुन्या पंच्याचा बोळा टाकला. थेंबाचा आवाज थांबला, शिंतोडेही उडेनात. चाळीत राहिलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. नाहीतर पावसाळ्यात रात्रभर टपटप ऐकून माणूस वेडा होईल. मग तिची ती लहानशी पिशवी उघडली. आत नायलॉनची दोरी, दोन खिळे, वर्तमानपत्रांची चळत, मेणबत्त्या आणि पत्त्यांचा कॅट. दोरी खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत ताणली गेली. ओल्या बुटांत कागदाचे बोळे गेले. मोजे वाळेनात, तेव्हा तिने मामांकडे कोळशाची शेगडी आणि बांबूची टोपली मागितली. निखाऱ्यांवर राख पसरायची, वर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर मुलांचे कपडे अंथरायचे. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत दुपटी अशीच वाळवत. मामांनी टोपली आणून दिली आणि कौतुकाने म्हणाले, “आजी, इतकी वर्षं पावनी येत्यात, पण टोपली मागणारं कोण नव्हतं.” अर्ध्या तासात खोलीला ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास सुटला. कौलारू बाबाने तो छातीभर ओढून घेतला. या वेळी त्याने आम्हाला आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस असा कोसळला की इको पॉइंट, लुईझा पॉइंट, शार्लोट तलाव वगैरे सगळं धुक्यात एकाच रंगाचं होऊन बसलं. एका पॉइंटवर जाऊन आलो. कुठला ते खात्रीने सांगता येत नाही, पांढरा होता. वाटेत माकडाने पिशवीतून चिवड्याचा पुडा पळवला, झाडावर बसून फोडला आणि थोड्याच वेळात दुसऱ्यासाठी परत आलं. लालबागच्या चिवड्याला याहून मोठी पावती मिळणं कठीण आहे.

दुपारी वीज गेली. पॉवरबँका संपल्या. चारही खोल्यांची दारं उघडली ती रात्रीपर्यंत लागली नाहीत. सगळी मुलं एका खोलीतून शिरून दुसरीतून बाहेर पडत होती, आणि कुणाचं मूल कुणाच्या गादीवर चिखलाचे पाय घेऊन नाचतंय हे पाहायची कुणालाच उसंत नव्हती. गिरगावकरांच्या खोलीतून कांदाभजी आली. ती थाळी रिकामी परत कशी पाठवायची म्हणून आजीने तीत उरलेला चिवडा घातला. दादरच्या कुटुंबातल्या आजोबांनी झब्बूत फसवाफसवी केल्यावरून कडाक्याचं भांडण झालं. गरम पाणी एकाच बंबावर. त्याचे नंबर आजीने लावले. दादरच्या सूनबाई नंबर तोडून बादली घेऊन निघाल्या, तेव्हा आजीने अशा काही आवाजात “अहो ताई” म्हटलं, की त्या बादलीसकट मागे आल्या. त्या दोन शब्दांत लालबागच्या चार मजल्यांचा दरारा होता.

कौलारू बाबा या सगळ्यात जरा हिरमुसलेला दिसत होता. त्याला शांतता हवी होती, बेडकांचा आवाज हवा होता, मुलांना निसर्गाशी एकांतात जोडायचं होतं. बेडूक ओरडतही असतील, पण पडवीच्या कठड्यावर कुणाची तरी लंगोटं पिळली जात होती आणि मोठा तर निसर्गाकडे पाठ करून आजोबांकडून पत्ते पिसायला शिकत होता. रात्री एका गादीवर पाच जण आडवे झाले. धाकटीने आजीच्या पोटावर पाय टाकले आणि विचारलं, “आपण घरी पण असं झोपायचं?” बाबा म्हणाला, “घरी तुला तुझी खोली आहे ना, बाळा.” ती म्हणाली, “ती नको.”

त्याच्या लहानपणी त्यांच्या खोलीत आठ माणसं होती. त्याच्या आजोबांच्या वेळी त्याहून जास्त. गिरणीची पाळी संपवून एक आला की दुसरा अंथरूण सोडून निघायचा. ती खोली सुटावी म्हणून त्याच्या आईने बिल्डरच्या मीटिंगा केल्या, संमतीपत्रांवर सह्या जमवल्या, संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं काढली. हे त्याला माहीत नाही असं नाही. पण माणसाला जे फुकट मिळत होतं त्याची गोडी तो पैसे मोजल्याशिवाय मान्य करत नाही, आणि आईपुढे तर मुळीच नाही. म्हणून तो कौलांकडे बघत पडला होता आणि ‘वातावरण’ छान आहे म्हणत होता.

परतीला शटल मिळाली. मोठा खिडकीला नाक लावून बसला आणि पाऊण तास रडवणाऱ्या त्या छोट्या गाडीला अखेर त्याने माफ केलं. चिक्की घेतली, लाल मातीने रंगलेले कपडे तीनदा धुतले, रंग गेला नाही. कान असलेला पिवळा रेनकोट तर आता कायमचा भगवा आहे.

आठवड्याभरात कौलारू बाबाच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, फॉल्स सीलिंगच्या कोपऱ्यात बशीएवढा ओला डाग उमटला. थेंब अजून पडला नव्हता. तरी त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं दीड पानी निवेदन आलं. गळती हा रहिवाशांच्या आरोग्याशी खेळ आहे, घरात लहान मुलं आणि वृद्ध आई आहे, विसाव्या मजल्यावरचं बाथरूम ताबडतोब फोडून तपासावं, बिल्डरला नोटीस द्यावी, अन्यथा मेंटेनन्स भरणार नाही. पुराव्यादाखल चार फोटो जोडले होते.

सेक्रेटरींनी सकाळी उत्तर दिलं. तक्रारीची नोंद घेतली आहे, प्लंबर बुधवारी येईल. मात्र फोटो क्रमांक तीन पुन्हा तपासावा. त्यात दिसणारी कौलं, बादली आणि पत्ते खेळणारे आजोबा सोसायटीच्या मालकीचे नाहीत.