वाघ दिसला नाही, अभिनंदन!

केमोत केस गेले तेव्हा चंद्रपूर किती सोयीचं शहर आहे, ते मला कळलं. पुण्या-मुंबईच्या बायकांना म्हणे विग शोधत फिरावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 46-47 वर जातो आणि अख्खं गाव डोक्याला दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून हिंडतं. बँकेत, बाजारात, लग्नाच्या मांडवाबाहेर सगळे दरोडेखोरच दिसतात. त्यात आणखी एक मी. मास्क लावला तरी कोणी कारण विचारत नाही. कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्र असलेल्या गावात मास्कला कारण लागत नाही. जटपुरा गेटपाशी माझी एक जुनी विद्यार्थिनी मला पाहून म्हणाली, "बाई, किती बारीक झाल्या! कोणतं डाएट?" मी तिला डाएटचं नाव सांगितलं नाही. उगाच करून बघायची.

खरी पंचाईत बातमी फुटल्यावर झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण येताना फळं आणि कारण दोन्ही घेऊन येई. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थाने तर थेट विचारलं, "बाई, तुमी खर्रा त नाई ना खात होत्या?" सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला तो खर्रा त्याच्याच गालात होता, प्रश्न विचारायच्या आधी तो बाहेर जाऊन थुंकून आला होता. माझा कॅन्सर स्तनाचा. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, पण गालापासून तिथपर्यंतचा रस्ता मला काही सापडला नाही. त्याला मात्र शंका नव्हती. "तरी जपाले पायजे जी," असं मला बजावून तो पानठेल्याकडे निघून गेला.

शिकलेल्यांची तऱ्हा वेगळी. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' जो तो मला भेट देई. पुस्तक उत्तमच आहे, पण माझा आजार दुसरा, म्हटलं की उत्तर येई, "अहो, साक्षात्काराचा भाग तर तोच ना!" मी पुष्कळ वाट पाहिली. मला झालेला साक्षात्कार एवढाच, की केमोनंतर वरणभातालाही लोखंडाची चव येते आणि जिभेवर सगळ्यात आधी परत येते ती अंबाडीची भाजी. ज्या दिवशी ती आंबट लागली, त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतली आणि हे स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत राहिले.

उपचार संपले, थंडी पडली आणि डॉक्टर म्हणाले, आता फिरायला हरकत नाही. चंद्रपूरकराने पैसे देऊन वाघ बघायला जावं, यात तसा अर्थ नाही. इथल्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारातच वाघ फिरतात. रात्रपाळीवाल्यांना तो फुकट दिसतो आणि त्यांना तो अजिबात नको असतो. तरी आम्ही भल्या पहाटे मोहर्लीच्या गेटवर हजर झालो. ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. म्हणजे वयाने आमच्या ह्यांच्या जवळपासचंच, पण देखभाल बरी.

आमच्या जिप्सीत बाहेरगावचे एक सद्गृहस्थ होते, मांडीवर भलीमोठी लेन्स घेतलेले. थोडं आत गेल्यावर गाईडने गाडी थांबवली, वाकून धुळीतले ठसे बघितले आणि "हं" म्हणाला. माझ्या पोटात गोळा आला. हे वाकणं, हे "हं" माझ्या ओळखीचं होतं. सोनोग्राफीच्या खोलीत पडद्याकडे बघत डॉक्टर असंच "हं" म्हणतात आणि टेबलावरचा माणूस पुढचं वाक्य येईपर्यंत श्वास घेत नाही.

"जुने आहेत," गाईड म्हणाला. "रात्रीच गेला. आता इथं नाही."

जिप्सीतले सगळे हळहळले. मी "देव पावला" म्हणाले, चांगलं मोठ्यानं.

सकाळभर हेच चाललं. चितळ ओरडलं, वानरांनी खाकरून इशारे दिले. वाघ आला नाही. दरम्यान मी तळ्याकाठी पडलेली मगर बघितली, रानगवे बघितले, नीलपंख बघितला. इथे प्रत्येक गाईड दाखवतो ते भुताचं झाडही बघितलं: पान नाही, साल पांढरी, अंग उघडं, आणि तरी माणसं थांबून थांबून त्याचे फोटो काढतात. मी त्याच्याबरोबर दुपट्टा काढून फोटो काढून घेतला. दोघंही छान आलो आहोत.

गेटवर परतताना लेन्सवाले रडवेल्या आवाजात म्हणाले, "एवढे पैसे घालवून काही दिसलं नाही." मी उत्स्फूर्तपणे म्हणाले, "अभिनंदन!" त्यांना ती थट्टा वाटली. त्यांना कसं सांगू, की हेच एक वाक्य ऐकायला मी दर तीन महिन्यांनी नागपूरला जाते, रांगेत बसते, पैसे मोजते, आणि ते ऐकल्यावर बर्डीवर थांबून संत्र्याची बर्फी घेते!

चैत्रात आम्ही मूल गावावरून मार्कंड्याच्या देवळाला निघालो. मूलच्या रस्त्याला जंगलात बायका मोहफुलं वेचत होत्या. हा मोहाचा आणि पुढचा तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे वाघाच्या हल्ल्यांचाही हंगाम. दर वर्षी माणसं जातात. टोपली भरून रस्त्यावर आलेल्या एकीला मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"भेव त वाट्टेच ना बाई," ती म्हणाली. "पन मोहा का वाघाले इचारून पडते?"

मग तिने मला नियम सांगितले. एकटीनं जायचं नाही. बोलत राहायचं. वाकायच्या आधी मागं एकदा बघून घ्यायचं. आणि वेचून झालं की घरी जायचं, तिथंच बसून विचार करायचा नाही. माझी फॉलो-अपची जाडजूड फाइल तिने चार वाक्यांत बसवली होती, शेवटचं वाक्य तर फाइलमध्ये नव्हतंच.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि गोष्टीतला यम आल्या वाटेने परत जातो. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेल्या मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि तो एकदम चिरंजीव झाला. आमची मुदतवाढ तीन-तीन महिन्यांची, दर वेळी नव्याने अर्ज. तरी प्रयत्न करावा म्हणून मी पुढे सरसावले, तर हे ओरडले, "हात! डाव्या हाताला जोर द्यायचा नाही!" देवाला मिठी मारणं हे वजन उचलण्यात मोडतं का, यावर परतीच्या वाटेवर चामोर्शीपर्यंत वाद झाला.

मग दिवाळी सरली आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली. कंपन्या वडशाच्या, नाटक रात्री सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. आम्ही घोंगडी घेऊन गेलो. नाटकात सुनेला ब्लड कॅन्सर. ती खोकली, गायली, सासूला क्षमा करून पुन्हा गायली आणि पहाटे तीनच्या सुमाराला गेली. मंडप हुंदके देत होता. माझं हिमोग्लोबिन आठ होतं तेव्हा मला जिना चढताना बोलवत नसे. ही बाई तान घेत होती. मला हसू आवरेना.

शेजारची म्हातारी रागावली. "हासता काहून जी? कॅन्सर झाला तिले."

"मलाही झाला होता, आजी."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पदरातल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या आणि म्हणाली, "मंग खा. अजून एक अंक हाये."

परवा नागपूरहून फोन आला. पुढच्या तपासणीची तारीख नेमकी नवरगावच्या नाटकाची. मी म्हटलं, त्या रात्री जागरण आहे, दोन दिवस पुढची द्या.

"मॅडम, तपासणी महत्त्वाची की नाटक?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"डॉक्टरांना विचारा, दोन दिवसांनी तपासणीचं काही बिघडतं का. नाटक मात्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला गेलेलं असतं."

तिने विचारून येऊन तारीख बदलून दिली. मग आवाज खाली करून म्हणाली, "त्याचं तिकीट फोनवर मिळतं का हो?"

"तुम्ही या," मी म्हटलं, "तिकिटाचं मी बघते. फक्त शेंगा घेऊन या, आणि कोणी मेलं तर रडायचं, हसायचं नाही."