बोर्डावरच्या लाल दिव्यास, सविनय

प्रति,
मा. लाल दिवेसाहेब,
बोर्डाचा वरचा कोपरा, पर्जन्यमापक,
मामाचं मागचं अंगण, तालुका सावंतवाडी.

विषय : आपल्या अखंड तेवण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करणारा कर्मचारी एकच आहे. त्याचं नाव एटीमेगा ३२८पी, हुद्दा मायक्रोकंट्रोलर. आपण त्याच्यापासून दोन बोटांवर राहता, पण आपली कधी ओळख झाली असेल असं वाटत नाही. साहेबांची आणि शिपायाची होते तेवढीच.

त्याचं काम सांगतो. नरसाळ्यातून पाऊस एका डोलणाऱ्या पळीत पडतो. ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की पळी कलंडते, तिच्यावरचं चुंबक एका रीड स्विचसमोरून सरकतं, स्विच क्षणभर जुळतो. एवढ्यावर आमच्या गड्याने जागं व्हायचं, स्विचची थरथर शमेपर्यंत वीस मिलिसेकंद थांबायचं, बेरजेत एक मिळवायचा आणि पुन्हा आडवं व्हायचं. आपल्याकडे २०० मिलिमीटरचा दिवस नवलाचा नाही. त्या दिवशी पळी हजार वेळा कलंडेल, म्हणजे त्याचं काम झालं वीस सेकंदांचं. दिवसाचे उरलेले ८६,३८० सेकंद त्याने झोपावं, एवढीच माझी अपेक्षा होती. बाकीच्या जगात नोकर कामावर झोपला म्हणून मेमो निघतो. मी झोपत नाही म्हणून काढला.

पहिल्या वर्षी मृगाला यंत्र लावलं आणि पंधरा दिवसांत तिन्ही सेल मान टाकून मोकळे. आळ अर्थातच गड्यावर घेतला. मग त्याची माहितीपुस्तिका उघडली, तर झोपेचे सहा प्रकार! मी पहिला उचलला, आयडल. यात फक्त डोकं थांबतं. घड्याळं, टायमर सगळं चालू. परिणाम असा की मिलिसेकंद मोजणारा टायमर दर दोन मिलिसेकंदांनी त्याला हलवून विचारायचा, ‘झोपलास का?’ सेकंदाला पाचशेच्या घरात हाका. लग्नघरात माजघरात पथारी टाकणाऱ्या पाहुण्याला लागते, तेवढीच झोप त्याला लागली.

मग पॉवर-डाउन हा प्रकार घेतला. यात त्याचं घड्याळच बंद होतं. खरी झोप हीच, पण तिची एक अट आहे: उठवणार कोण, हे निजण्याआधी ठरवावं लागतं. बाहेरच्या पिनेवरची हाक, पिनेची पातळी बदलल्याची खबर, दोन तारांच्या बसवर त्याच्या नावाचा पुकारा, वॉचडॉग नावाचा रखवालदार, नाहीतर थेट रीसेट. यादी इथे संपते. यांपैकी कोणालाही नेमलं नाही, तर तो उठत नाही.

याचा अनुभव मी घेतला आहे, साहेब, आणि तेव्हा आपण साक्षीला होतात. घाईत मी पिन-बदलाची परवानगी रीड स्विचच्या पिनेऐवजी शेजारच्या पिनेला दिली. रात्रभर पाऊस कोसळला, पळी बिचारी दार ठोठावत राहिली, आणि आत गडी घोरत होता, कारण ज्या दाराला कान लावायला मी सांगितलं होतं, तिथे कोणी आलंच नाही. मामाने रात्री दोनदा खिडकीतून पाहिलं. आपण झळकत होतात. ‘दिवो पेटता मा? मगे काम चलता,’ म्हणून तो निर्धास्त झोपला. सकाळी साडेआठला, हवामानखात्याच्या मोजणीच्या वेळेला, त्याने बेरीज पडद्यावर आणायचं बटण दाबलं. तेही त्याच चुकीच्या यादीतून सुटलेलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. आपण तरीही झळकत होतात.

ती चूक माझी. पण तिच्यानंतर मी गड्याची झोप पोटच्या पोरासारखी जपली. अॅनालॉगचं डिजिटल करणारा विभाग निजण्याआधी हाताने बंद केला, कारण तो आपण होऊन घरी जात नाही. लोंबकळत्या पिना बांधून टाकल्या. धड शून्य नाही, धड एक नाही अशा मधल्या पातळीवर पिन राहिली की आतलं सर्किट वीज खात राहतं. व्होल्टेज घसरलं तर धोक्याची घंटा वाजवणारा पहारेकरी झोपेपुरता रजेवर पाठवला. त्याच्या रजेची रीत आपल्या कार्यालयांनी शिकावी अशी आहे: अर्ज केला की चार टिकटिकींच्या आत त्यावर दुसरी सही, आणि मंजुरीनंतर तीन टिकटिकींत झोपला नाहीत तर रजा आपोआप रद्द!

वॉचडॉगचाही हिशेब केला. तो जास्तीत जास्त आठ सेकंदांनी हाक मारतो, आणि तीन व्होल्टला साधारण चार मायक्रोअँपिअर पगार घेतो. झोपलेल्या गड्याचा स्वतःचा खर्च आहे ०.१. निजलेल्याच्या चाळीसपट पगार राखणीला कशाला? आम्हाला उठवायला पाऊस आहे आणि साडेआठचा मामा आहे. रखवालदाराला नारळ दिला.

पळी अर्ध्यात अडकली आणि चुंबक स्विचसमोरच थांबलं तर? तर स्विच जुळलेलाच राहतो, आणि आतल्या पुल-अप रोधातून शंभराच्या आसपास मायक्रोअँपिअर सतत गळतात. म्हणून तो रोध बंद केला, बाहेरून एक मेगाओमचा लावला. गळती तीनवर आली. पण इतक्या मोठ्या रोधाला कोकणातली दमट हवाही वाट फोडते, तेव्हा सांध्यांवर मामीच्या नेलपॉलिशचा लेप दिला. निजण्याच्या अगदी तोंडावर पळी कलंडली तर हाक हरवू नये, म्हणून आधी इंटरप्ट, म्हणजे हाकांचं दार, बंद, मग कामाची तपासणी, आणि मग इंटरप्ट उघडणं व झोप या दोन आज्ञा पाठोपाठ. इंटरप्ट उघडल्यानंतरची एक आज्ञा हा गडी पुरी करतो आणि मगच दार उघडतो. त्यामुळे दारातली हाक त्याला निजल्या निजल्याच उठवते.

तीन आठवडे, साहेब. एवढं करून मीटर लावला. अपेक्षा ०.१ मायक्रोअँपिअरची. काटा दाखवतो दीड मिलिअँपिअरच्या वर.

पुन्हा पुस्तिका वाचली. पुन्हा प्रोग्राम तपासला. गड्याला खूप बोललो. शेवटी वैतागून डोळे वर केले, तर वरच्या कोपऱ्यात आपण. शांत, लाल, प्रसन्न.

दीड मिलिअँपिअर म्हणजे १,५०० मायक्रोअँपिअर. झोपलेल्या गड्याच्या पंधरा हजारपट. आपल्या एकट्याच्या खर्चापायी २,००० मिलिअँपिअर-तासांचे सेल ५५ दिवसांत संपणार. मृगाला लावलेलं यंत्र नारळी पौर्णिमा बघेल याचीही खात्री नाही. आपल्या शेजारचे रेग्युलेटरसाहेब त्यातल्या त्यात साधे, शंभराच्या आसपास मायक्रोअँपिअरमध्ये भागवतात. त्यांच्या जातीत नुसतं बसण्याचे पाच मिलिअँपिअर घेणारेही आहेत. आणि इतके दिवस काटकसरीचा उपदेश मी करत होतो तो कोणाला, तर ०.१ वर जगणाऱ्याला.

बरं, आपलं काम काय? आपण एवढंच सांगता की आपल्यापर्यंत वीज पोचते आहे. गडी जिवंत आहे की गोठला, पाऊस मोजला की वाहून गेला, यातलं आपल्याला काहीही ठाऊक नसतं. तरी लोक खिडकीतून आपल्याला बघतात आणि निर्धास्त झोपतात.

आपल्याला आठवण करून देतो, गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. नेमका महाराष्ट्र दिन. आणीबाणीच्या सेवा वगळता भल्याभल्यांनी ते उतरवले आणि देश चालायचा थांबला नाही. पर्जन्यमापकही थांबणार नाही.

सबब, या पत्रान्वये आपणांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी सोल्डरिंग आयर्न तापवून आपले दोन्ही पाय मोकळे करण्यात येतील. रेग्युलेटरसाहेबांनाही त्याच दिवशी निरोप आहे; गडी १.८ ते ५.५ व्होल्टवर चालतो, दोन सेल त्याला थेट पुरतात. यापुढे आपली नेमणूक बटणाच्या पिनेवर. बटण दाबलं, गडी उठला, बेरीज शाबूत निघाली, तर त्याच्या हुकमाने आपण एकदा लुकलुकायचं आणि विझायचं. पगार लुकलुकण्यापुरता.

कळावे,
आपला, इतके दिवस आपल्याच उजेडात चुकीच्या माणसाला रागावणारा,
यंत्रमालक

प्रत माहितीसाठी :
१) रेग्युलेटरसाहेब. निरोपसमारंभ होणार नाही.
२) वॉचडॉग. दिलेला नारळ परत मागितला जाणार नाही.
३) एटीमेगा ३२८पी. ही प्रत वाचण्यासाठी उठू नये.

ता. क. : रविवारी काम उरकलं. मीटर मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर लावला तरी शून्याच्या आसपास घुटमळतो आहे. संध्याकाळी मामा खिडकीशी गेला आणि घाबराघुबरा परत आला, ‘दिवो खंय गेलो?’ त्याला अंगणात नेऊन बटण दाबायला लावलं. दिवा लुकलुकला, पडद्यावर दिवसभराचा पाऊस उमटला, दोन्ही विझले. मामा थोडा वेळ अंधारातल्या डब्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘इचारल्याशिवाय बोलणा नाय? मगे बरो आसा.’